म्यर्सो गावाचे एक वर्ष: हिवाळी छाटणीपासून नोव्हेंबरच्या पंगतीपर्यंत

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताच्या वाइनविषयी जे लिहिले जाते त्यात बाटली, पेला आणि किंमत यांनाच बहुतेक जागा मिळते. ती वाइन ज्या गावात होते, तिथली माणसे वर्षभर काय करतात, याचा उल्लेख सहसा दोन ओळींत आटोपतो. फ्रान्सच्या पूर्व भागात, बोन शहराच्या दक्षिणेला सुमारे आठ किलोमीटरवर म्यर्सो नावाचे असे एक गाव आहे. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास, पूर्वेकडे उतरत गेलेली चुनखडीची लांबट टेकडी, उतारावर मुख्यतः शार्दोने जातीच्या पांढऱ्या द्राक्षांच्या बागा आणि खाली दगडी भिंतींची, अंगणाची, पोटात तळघर असलेली घरे, असे त्याचे रूप आहे. पर्यटकाला तिथे मिरवणुका, मेजवान्या आणि लिलाव दिसतात. हे सारे सण मुळात कामाची आणि जोखमीची वाटणी करण्यासाठी गावाने लावून घेतलेल्या सोयी आहेत, असे माझे मत आहे, आणि ते का, हे हंगाम ओळीने पाहिले तर समजते.

इथले कामाचे वर्ष नोव्हेंबरात, वेलींची पाने गळून पडली की सुरू होते. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे थोडे वेगळे वाटेल, कारण आपल्याकडे वेल कधीच पुरती झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला तयार माल, असे आपले चक्र असते. बर्गंडीत हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, वेल सुप्तावस्थेत जाते आणि मार्चअखेरपर्यंत तशीच राहते, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच होते आणि ती थंडीच्या या महिन्यांत उरकावी लागते. हेक्टरी सुमारे दहा हजार वेली असतात, म्हणजे दोन ओळींत साधारण एक मीटर आणि दोन वेलींतही तेवढेच अंतर. वेली मांडवावर चढवलेल्या नसून तारांना धरून गुडघ्याच्या उंचीवर राखलेल्या असतात, त्यामुळे छाटणाऱ्याला दिवसभर कमरेत वाकूनच काम करावे लागते.

छाटणीचा हिशोब असा असतो. गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काड्यांपैकी एक चांगली काडी राखायची आणि तिच्यावर सात-आठ डोळे, म्हणजे नवी फूट येणाऱ्या गाठी, ठेवायचे. तिच्या खाली दोन डोळ्यांचा एक आखूड तुकडा सोडायचा, म्हणजे पुढच्या वर्षी राखायची काडी त्यातून मिळते. बाकी सगळे कापून टाकायचे. एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूल ग्युयो या फ्रेंच डॉक्टर-कृषितज्ज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. प्रत्येक वेलीपुढे माणूस क्षणभर थांबतो, कोणती काडी ठेवायची ते ठरवतो आणि पाठीवरच्या बॅटरीवर चालणाऱ्या कात्रीने दोन-चार काप देतो. हा निर्णय यंत्रावर सोपवता येत नाही, कारण चुकीची काडी राखली तर त्याचा परिणाम पुढची दोन-तीन वर्षे दिसत राहतो. कापलेल्या काड्या काही ठिकाणी बारीक करून जमिनीतच टाकतात, पण जुन्या रिवाजाप्रमाणे त्या तिथल्या तिथे जाळणारेही आहेत. पत्र्याचे जुने पिंप कापून त्याला चाक आणि दांडे बसवलेली हातगाडी ओळीतून पुढे सरकवत नेतात, तिच्यात काड्या धुमसत असतात आणि हात गारठले की छाटणारे तिच्यावर शेकून घेतात. जानेवारीत रस्त्यावरून जाताना टेकडीवर निळसर धुराच्या ज्या रेघा दिसतात, त्या या गाड्यांच्या असतात.

एका कुटुंबाची बाग सलग एका जागी क्वचितच असते, आणि गावाचा दिवसक्रम समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी कळायला हवी. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या आणि सरदारांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि पुढे १८०४ च्या दिवाणी कायद्याने आईबापांची मालमत्ता सर्व मुलांत वाटण्याचा नियम केला. दोनशे वर्षांच्या वाटण्यांनी काय होते, ते म्यर्सोच्या उत्तरेला असलेल्या क्लो द वूजोकडे पाहून समजते. मठाधीन साधूंनी भिंत घालून राखलेल्या या सुमारे पन्नास हेक्टरांच्या एकाच बागेत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत, आणि काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळीच आल्या आहेत. जमीन मोजायला लोक अजूनही 'उव्रे' हे जुने परिमाण वापरतात. एक उव्रे म्हणजे ४२८ चौरस मीटर, जेवढी जमीन पूर्वी एका माणसाकडून एका दिवसात कसून होत असे तेवढी. त्यात कोणी स्वतःची कसतो, कोणी खंडाने घेतलेली, तर कोणी वाट्याने. वाट्याच्या व्यवहारात मालकाला त्याचा हिस्सा द्राक्षांच्या किंवा वाइनच्या रूपात मिळतो. अशा रीतीने दहा हेक्टर कसणाऱ्या कुटुंबाचे वीस-तीस तुकडे तीन-चार गावांत विखुरलेले असतात, आणि वेलींच्या ओळींवरून चालणारे उंच पायांचे ट्रॅक्टर दिवसभर गावातल्या अरुंद रस्त्यांवरून ये-जा करताना दिसतात. या तुकड्यांपैकी प्रत्येकाला नाव, दर्जा आणि नियम आहेत. बर्गंडीतल्या अशा १२४७ नामांकित तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तुकडे विखुरलेले असण्याचा एक फायदाही आहे, कारण एका बागेला गारपिटीने झोडपले तरी दुसरी वाचते.

२२ जानेवारी हा द्राक्षबागायतदारांचा संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत व्हाँसाँचा दिवस आहे. गावोगावी त्याच्या नावाची मंडळे आहेत आणि संताची लाकडी मूर्ती दरवर्षी एका सभासदाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाते. १९३८ पासून एक मोठा संयुक्त उत्सवही जानेवारीअखेर भरतो, त्याचे यजमानपद पाळीपाळीने एकेका गावाकडे जाते, आणि बाकीच्या गावांची मंडळे आपापले निशाण आणि मूर्ती घेऊन पहाटेच्या थंडीत बागांमधून मिरवणुकीने येतात. पाहुण्यांना यातले निशाण आणि वाइन दिसते. मंडळाचे मूळ काम मात्र निराळे होते: एखादा सभासद आजारी पडला किंवा त्याचा हातपाय मोडला, तर त्याच्या बागेतली कामे इतरांनी वेळेवर करून द्यायची. छाटणी मार्चनंतर लांबवता येत नाही आणि रुग्णालयात असलेल्या माणसाची वेल त्याची वाट पाहत थांबत नाही, हे ओळखून केलेली ती विम्याआधीची विमा योजना होती.

मार्चमध्ये राखलेली काडी वाकवून खालच्या तारेला बांधली जाते. हे काम दमट हवेत करतात, कारण कोरड्या हवेत काडी मोडते. मग एप्रिल येतो, आणि गाव रात्री नीट झोपत नाही.

डोळे फुटून कोवळे फुटवे बाहेर आले की उणे दोन अंशांच्या आसपासची थंडीही त्यांना मारू शकते, ओलावा असेल तर त्याआधीच. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, थंड झालेली जड हवा उतारावरून खाली येऊन सखल बागांत साचते, आणि काही मीटर वर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर असतो. वेलींच्या ओळींत पॅराफिनच्या मोठ्या डबाबंद मेणबत्त्या पेटवण्यामागचे गणित हेच आहे: हवा थोडी तापवायची आणि वरची ऊब खाली खेळती ठेवायची. हेक्टरी तीन-चारशे मेणबत्त्या लागतात, त्या पहाटे दोन-तीनला हाताने एकेक करून पेटवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च एवढा येतो की चांगल्या भावाच्या बागांनाच तो परवडतो. शार्दोने ही लाल वाइनच्या पिनो न्वार जातीच्या आधी फुटते, म्हणून म्यर्सोसारख्या पांढऱ्या वाइनच्या गावाला ही धास्ती जास्त असते. ज्या बागेला अशा गारठ्याचा धोका नेहमीचा, तिची छाटणी मुद्दाम शेवटी ठेवतात, कारण उशिरा छाटलेली वेल उशिरा फुटते.

२०१६ च्या एप्रिलअखेरीस जे घडले त्याने हे सारे आडाखे चुकवले. ओल्या फुटव्यांवर रात्री बर्फ धरला आणि पहाटेचे स्वच्छ ऊन त्यावर पडून कोवळी पाने होरपळली. एरवी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या वरच्या उतारांवरच्या बागाही यात गेल्या. म्यर्सोच्या दक्षिणेला, प्युलिन्यी आणि शासान्य या गावांच्या मध्ये असलेल्या मोंराशे या जगप्रसिद्ध बागेत सात मालकांच्या वाट्याला इतकी थोडी द्राक्षे आली की वेगवेगळी वाइन करणेच शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी आपापला माल एकत्र केला आणि त्याची मिळून जेमतेम दोन पिंपे वाइन झाली. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या एप्रिलात पुन्हा तसाच अंदाज आला, तेव्हा गावांनी मिळून सूर्योदयाच्या वेळी ओल्या गवताच्या गाठी पेटवल्या आणि उन्हाला अडवणारा धुराचा पडदा बागांवर उभा केला. हा उपाय एकट्याने करण्यासारखा नाही, कारण धूर मालकीची हद्द पाळत नाही. २०२१ मध्ये मार्चअखेरच्या उबेने वेली लवकर फुटल्या आणि ६ ते ८ एप्रिलच्या रात्रींनी फ्रान्सभर नासधूस केली. हवामान तापत असताना गारठ्याने जास्त नुकसान का होते, असे कोणी विचारले तर उत्तर यात आहे: फूट लवकर येऊ लागली आहे, पण एप्रिलमधल्या थंड रात्री अजून सरलेल्या नाहीत. ११, १२ आणि १३ मे या तीन दिवसांना इथे 'बर्फाचे संत' म्हणतात, आणि ते पार पडल्याशिवाय म्हाताऱ्या बागायतदारांना निर्धास्त वाटत नाही.

मे ते जुलै कामाची नुसती झोड असते. नको असलेले वांझ फुटवे हाताने काढायचे, वाढलेल्या फुटी तारांच्या आत घ्यायच्या, शेंडे मारायचे, तण काढायचे. जूनमध्ये वेली फुलोऱ्यात येतात आणि तिथून साधारण शंभर दिवस मोजून तोडणीचा अंदाज बांधला जातो. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग आपल्या द्राक्षपट्ट्याला जितके ओळखीचे, तितकेच इथेही, आणि आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो ते मोरचूद-चुन्याचे औषध १८८० च्या दशकात फ्रान्समध्येच, बोर्डो भागात पुढे आले. जमिनीत साठणाऱ्या तांब्यामुळे युरोपीय संघाने आता त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे, आणि पावसाळी वर्षांत सेंद्रिय शेती करणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच ओढाताण होते. फवारणीवरून गावात कुरबुरीही होतात. बाग अगदी शाळेच्या आणि घरांच्या भिंतीपर्यंत आलेली असते, आणि त्या घरांत बागायतदारच राहतात असे आता राहिलेले नाही. २०२० पासून बहुतेक औषधांसाठी वस्तीपासून ठरावीक अंतर सोडणे फ्रान्समध्ये सक्तीचे झाले आहे. गारपीट हे उन्हाळ्यातले संकट. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे तिने बोनच्या परिसरातल्या पोमार, वोल्नेसारख्या गावांना मारले, आणि त्यानंतर ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडणाऱ्या यंत्रांचे जाळे तिथे वाढवण्यात आले.

जुलैअखेरीस मण्यांत पाणी उतरू लागते, म्हणजे ते मऊ पडून पिकायला लागतात. ऑगस्टच्या पूर्वार्धात बागेत फारसे काम उरत नाही, म्हणून बरीच कुटुंबे तेव्हाच सुट्टीवर जातात, निदान आतापर्यंत जात असत.

'आतापर्यंत' म्हणायचे कारण तोडणीच्या तारखांत आहे. पूर्वी गावाच्या वतीने तारीख जाहीर झाल्याशिवाय कोणालाही द्राक्षे तोडता येत नसत. त्यामुळे चोरीला आळा बसे, कच्चा माल निघत नसे आणि धर्मसंस्थेचा हिस्सा वसूल करणेही सोपे जाई. या जाहीर तारखांच्या नोंदी आणि तोडणीच्या मजुरीचे हिशोब बोनमध्ये जपलेले आहेत, आणि त्यांवरून इतिहास-संशोधकांनी १३५४ पासूनची मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होत असे, आणि १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. २००३, २०२० आणि २०२२ या वर्षांत तर ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर निघाल्या. आता तारीख ज्याची त्याने ठरवायची असते. बागायतदार रोज मणी गोळा करून त्यातली साखर आणि आम्लता मोजतो, चाखतो, हवामानाचा अंदाज पाहतो आणि घाईत तोडावे की थांबावे या विवंचनेत असतो.

तोडणी आठ-दहा दिवस चालते आणि तेवढ्या काळात गावाची लोकसंख्या फुगते. चांगल्या बागांत ती हातानेच होते. उजाडता उजाडता टोळी बागेत उतरते, ओलसर पानांतून हात घालून छोट्या कात्रीने घड काढते आणि बादलीत किंवा क्रेटमध्ये टाकते, भरलेला माल पाठीवरून ओळीच्या टोकापर्यंत नेणारे वेगळे असतात. सकाळी नऊच्या सुमारास काम थांबते आणि बागेच्या बांधावरच पाव, सॉसेज, चीज आणि कॉफी अशी न्याहारी होते. दुपारचे जेवण ज्या घराची बाग असेल ते घर घालत असे, लांब टेबलावर सगळ्यांना एकत्र बसवून, आणि काही घरांनी हा रिवाज अजून ठेवला आहे. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरला फुले-फांद्या बांधून टोळी गावातून ओरडत, हॉर्न वाजवत फिरते आणि रात्री मालकाच्या घरी मेजवानी होते. तिला 'पोले' म्हणतात. बर्गंडीत आनंद झाला की लोक दोन्ही हात वर करून मनगटे फिरवत एक निरर्थक अक्षरांची धून गातात. ती या मेजवानीत ऐकू आली नाही असे सहसा होत नाही.

या चित्राची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. विद्यार्थी, बेकार आणि दरवर्षी त्याच घरी येणारे ओळखीचे लोक यांची जागा बऱ्याच ठिकाणी कंत्राटदारांनी आणलेल्या परदेशी मजुरांनी घेतली आहे, आणि त्यांच्या राहण्याची सोय हा आता जटिल प्रश्न आहे. २०२३ च्या उष्ण सप्टेंबरात शँपेन प्रांतात तोडणीच्या काळात अनेक मजुरांचे मृत्यू झाले, आणि त्याच हंगामात मजुरांना अमानुष परिस्थितीत ठेवल्याच्या एका प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने मानवी तस्करीच्या गुन्ह्याखाली शिक्षा ठोठावल्या. मालकाच्या टेबलावर बसून जेवणारा मजूर आणि कंत्राटदाराच्या गाडीतून येऊन जाणारा मजूर यांच्या वाट्याला येणारी तोडणी एकच नाही.

घड घरी आले की काम तळघरात सरकते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे लगेच दाबून रस काढतात, गाळ बसू देतात आणि रस २२८ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत आंबायला ठेवतात. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात साचतो आणि त्याने माणसे गुदमरून मेलेली आहेत. मेणबत्ती हातात धरून आत उतरायचे आणि ती विझली तर मागे फिरायचे, हा धडा त्यातूनच आला. पिंपांतली वाइन लाकडातून थोडी थोडी उडून जात असते, म्हणून ती वरचेवर काठोकाठ भरावी लागते. ऊब आली की वसंतात तिच्यातल्या आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. साधारण वर्ष-दीड वर्षाने वाइन बाटलीत जाते. म्हणजे नव्या तोडणीच्या वेळी गेल्या सालची वाइन अजून तळघरातच असू शकते आणि पिंपे रिकामी करण्याची घाई बागेतल्या घाईतच मिसळते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये ओस्पीसचा लिलाव होतो. १४४३ मध्ये निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी स्थापन केलेल्या या रुग्णालयाला शतकानुशतके लोकांनी बागा दान दिल्या. त्या सुमारे साठ हेक्टरांची कोवळी वाइन १८५९ पासून पिंपाच्या हिशोबाने लिलावात विकली जाते, पैसा रुग्णालयाच्या कामाला जातो, आणि नव्या सालाच्या भावाचा कल कोणत्या दिशेला आहे त्याचा पहिला अंदाज सर्वांना येतो. दुसऱ्या दिवशी म्यर्सोची पोले असते. १९२३ मध्ये ज्यूल लाफों या बागमालकाने तोडणी संपल्यावरच्या मेजवानीची ही जुनी चाल पुन्हा सुरू केली. आता शातो द म्यर्सोमध्ये सुमारे सातशे लोक दुपारी जेवायला बसतात, आणि नियम असा की प्रत्येकाने आपल्या तळघरातली वाइन घेऊन यायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेल्यांत ओतायची. आमंत्रणासाठी आज जगभरचे व्यापारी धडपडतात, तरी पंगतीचा मूळ ढाचा अजून मजुरांच्या जेवणाचाच आहे.

या सगळ्यावर सावट आहे ते जमिनीच्या भावाचे. बर्गंडीच्या सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे ग्राँ क्रू बागांची सरासरी किंमत हेक्टरी साठ लाख युरोंच्या वर गेली आहे. म्यर्सोत त्या दर्जाची बाग नाही, पण तिथले भावही त्याच वाऱ्याने चढले आहेत. तीन भावंडांपैकी एकालाच बाग कसायची असेल, तर उरलेल्या दोघांचा वाटा बाजारभावाने घेण्याइतके पैसे वाइन विकून उभे राहत नाहीत. शिवाय वारसा कराचा वरचा दर ४५ टक्क्यांपर्यंत जातो. सवलती मिळतात, तरी पुष्कळ कुटुंबांना भागीदार घ्यावा लागतो किंवा विकून टाकावे लागते. क्लो दे लांब्रे ही बाग २०१४ मध्ये एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहाकडे गेली, आणि तिच्याच गावातली क्लो द तार २०१७ मध्ये उद्योगपती फ्राँस्वा पिनो यांच्या कंपनीने घेतली. कंपनी मालक झाली म्हणून बागेची आबाळ होते असे म्हणता येणार नाही, उलट तिच्याकडे खर्च करायला पैसा जास्त असतो. मात्र आजारी शेजाऱ्याची छाटणी करून द्यायला जाणारा सभासद गावात राहणारा असावा लागतो. शेतजमीन विकली जात असताना पहिला हक्क बजावून ती शेतकऱ्याकडे वळवण्याचा अधिकार 'साफेर' या संस्थांना आहे, पण जमिनीऐवजी ती ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचे शेअर विकले की त्या वाटेला लगाम घालणे कठीण जाई. ही पळवाट आवळण्यासाठी फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा केला, आणि २०२३ पासून असे मोठे शेअर व्यवहार मंजुरीच्या कक्षेत आले आहेत.